ब्रशने फाउंडेशन लावलं की रेघा उठतात? नवी बाटली घेण्याआधी हे तपासा

ठाण्यात नौपाड्याला माझं छोटं पार्लर आहे. लग्नसराईत नवरीचे मेकअपही करते. वर्षाचे बारा महिने जी एक तक्रार येत राहते ती ही: "ताई, ब्रशने फाउंडेशन लावलं की नुसत्या रेघा उठतात. व्हिडिओत बघा, कसं लोण्यासारखं पसरतं!" मग पर्समधून बाटली निघते. बहुतेक वेळा ती दुसरी किंवा तिसरी असते. पहिली "खराब निघाली" म्हणून बहिणीला देऊन टाकलेली असते, आणि बहिणीच्या चेहऱ्यावर तीच बाटली छान बसते.

इतक्या वेळा हे बघितल्यावर आता मी बाटली हातात घेतच नाही. आधी विचारते, फाउंडेशनच्या आधी चेहऱ्याला काय लावलं होतं आणि ब्रश शेवटचा कधी धुतला होता. दहातल्या आठ-नऊ जणींचं उत्तर तिथेच सापडतं. बाटलीचा नंबर फार उशिरा लागतो.

आधी लक्षण ओळखा

"नीट बसत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. काय होतंय, कुठे होतंय आणि केव्हा होतंय, हे आरशात नीट बघा.

रेघा: ब्रशच्या केसांच्या बारीक समांतर ओळी. गालावर आणि कपाळावर जास्त, खिडकीचा उजेड बाजूने पडला की लगेच दिसतात.

चकत्या: एका ठिकाणी जाड थर, त्याच्या शेजारी उघडी त्वचा. ब्रश फिरवावा तसं आधी बसलेलंही उचलून येतं.

गोळे: खोडरबराने खोडल्यावर कागदावर जो कीस पडतो, तसे बारीक पांढरट-तपकिरी लोळे. कानाजवळ आणि जबड्याच्या कडेला हमखास.

पापुद्रे: नाकाच्या बाजूला, भुवयांच्या मध्ये, हनुवटीवर कोरडी साल उभी राहते आणि फाउंडेशन तिच्यावर अडकून बसतं.

फाटणं: लावताना सगळं सुरेख, पण घर सोडून स्टेशनवर पोचेपर्यंत नाकावर आणि ओठांच्या वर बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, फाटलेला.

आता यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न: हे लावतानाच होतं की तासाभराने? लावतानाच होत असेल तर दोष हातात, ब्रशमध्ये किंवा खालच्या क्रीममध्ये शोधायचा. तासाभराने होत असेल तर घाम, तेल आणि जास्त झालेला थर यांच्याकडे बघायचं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की आणखी बिघडतं. घामाने फाटणाऱ्या बेसवर जास्त मॉइश्चरायझर चोपडणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात.

चेहरा करडा किंवा राखेसारखा दिसतो, ही तक्रार या यादीत नाही. तो शेड चुकल्याचा प्रकार आहे, तिथे ब्रश बिचारा काही करू शकत नाही.

उजेड बदला

फुकटची तपासणी. बाथरूमच्या आरशावरचा दिवा डोक्यावरून पडतो आणि चेहऱ्याचा निम्मा भाग सावलीत ठेवतो. त्या सावलीत आपण आणखी एक थर चढवतो, आणि गॅलरीत आलं की तोच थर रेघांसकट दिसतो. खिडकीकडे तोंड करून बसा, हातात छोटा आरसा घ्या. एवढ्यावर प्रश्न मिटलेल्याही काही जणी आहेत.

उलटा प्रकारही असतो. गडकरी रंगायतनमध्ये रंगमंचावरच्या नटाचा चेहरा आपण लांबून, दिव्यांच्या झोतात बघतो, तिथे जाड बेस शोभून दिसतो. तसा बेस लावून कोणी तलावपाळीवर संध्याकाळच्या उजेडात हातभर अंतरावर बोलायला उभं राहिलं, तर रेघा दिसणारच. आणि पंधरा पट मोठं दाखवणारा आरसा असेल तर तो आधी कपाटात ठेवा. त्यात माझाही बेस खराब दिसतो.

अर्धं करा

बाटलीचा एक पंप पूर्ण चेहऱ्याला पुरतो, पुष्कळदा उरतो. बहुतेक जणी दोन-तीन पंप घेतात, तेही थेट गालावर ठिपके देऊन. पाचवा ठिपका पसरवायला जाईपर्यंत पहिला सुकायला लागलेला असतो, आणि अर्धवट सुकलेल्या थरावर ब्रश ओढला की तो खरवडला जातो. चकत्या तिथून सुरू होतात.

फाउंडेशन मनगटाच्या मागच्या बाजूला काढा. ब्रशचं फक्त टोक त्यात लावा. एका वेळी चेहऱ्याचा एकच भाग पूर्ण करा, मग पुढचा. नाकाच्या बाजूने सुरुवात करून बाहेर कानाकडे जा, कारण लाली आणि डाग मध्यभागी जास्त असतात, जबड्याजवळ जवळजवळ काहीच लागत नाही. झाकायचा एखादाच डाग असेल तर तिथे बोटाने थोडं जास्त द्या. त्या एका डागासाठी सगळ्या चेहऱ्यावर दुसरा थर चढवायची गरज नाही.

सनस्क्रीनला वेळ द्या

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त प्रकरणं इथलीच असतात.

एक मुलगी ऐरोलीच्या आयटी पार्कात कामाला आहे. सकाळी घरातून निघण्याआधी आठ मिनिटांत तिचं सगळं उरकायचं: तोंड धुणं, सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर (फाउंडेशनखालचा गुळगुळीत थर), फाउंडेशन. गोळ्यांची तक्रार घेऊन आली. तीन ब्रश बदलून झाले होते. मी तिला खुर्चीवर बसवलं, तिचीच सनस्क्रीन लावली आणि समोर घड्याळ ठेवलं. दहा मिनिटं काहीच करायचं नाही. बिचारी कंटाळली. मग तिचंच फाउंडेशन तिच्याच सगळ्यात स्वस्त ब्रशने लावलं. एक गोळा आला नाही.

कारण असं: सनस्क्रीन त्वचेत मुरून नाहीशी होत नाही, ती वर पातळ पापुद्र्यासारखी बसते. तिचं कामच तसं आहे. तिच्यातलं पाणी उडून तो पापुद्रा धरायला थोडा वेळ लागतो. त्याआधी ब्रश घासला तर पापुद्रा उखडतो, फाउंडेशन त्याच्यासोबत गुंडाळलं जातं आणि कीस पडतो. शिवाय जिथून सनस्क्रीन निघाली तिथे उन्हापासून संरक्षणही गेलं. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

वेळ पुरेसा झाला का, हे बोटाने कळतं. गालावर बोट टेकवून सरळ उचला. चिकट लागलं किंवा बोट घसरलं, तर थांबा. त्या वेळात केस विंचरा, साडीला पिना लावा, डबा भरा. ठाण्याच्या मे महिन्यात हवा इतकी दमट असते की दहा मिनिटांनीही चिकटपणा जात नाही. तेव्हा टिश्यू पेपर चेहऱ्यावर हलकाच दाबून उचलायचा, पुसायचं मात्र नाही.

सनस्क्रीन कमी लावून प्रश्न सोडवू नका. दोन बोटांच्या लांबीएवढी सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला लागतेच. त्याऐवजी खालचं सीरम, मॉइश्चरायझर, प्रायमर यातलं एखादं कमी करा. आपल्याकडच्या हवेत तेलकट त्वचेला पाच थरांची गरज नसते, हे माझं ठाम मत आहे.

खात्री करायची असेल तर सुट्टीच्या दिवशी अर्ध्या चेहऱ्याची चाचणी घ्या. डाव्या गालाला फक्त मॉइश्चरायझर, उजव्या गालाला रोजचं सगळं काही. दोन्हीकडे एकच फाउंडेशन, एकच ब्रश. डावा गाल नीट आणि उजवा खराब आला, तर दोष खालच्या थरांचा. दोन्ही सारखेच खराब आले, तर पुढे वाचा.

दोन क्रीमचं पटतं का?

सनस्क्रीनचा थेंब आणि फाउंडेशनचा थेंब हाताच्या मागच्या बाजूला एकत्र करून बोटाने घोळवा. एकजीव झालं तर ठीक. दूध नासल्यासारखं फुटलं, पाणी वेगळं आणि रंग वेगळा दिसू लागला, तर त्या दोघांचं चेहऱ्यावरही पटणार नाही. बहुधा एक पाण्याच्या बेसचं असतं आणि दुसरं सिलिकोनच्या. खोक्यावरची घटकांची यादी वाचा. पहिल्या चार-पाच नावांत डायमेथिकोन किंवा शेवटी सिलोक्सेन असलेलं लांबलचक नाव असेल, तर ते सिलिकोनचं. यादीत जास्त प्रमाणात असलेला घटक आधी लिहिलेला असतो, म्हणून वरची नावं महत्त्वाची. जोडी जमत नसेल तर प्रायमर बदला, तो सगळ्यात बिनमहत्त्वाचा असतो. किंवा सोडूनच द्या.

हात कसा फिरतो?

भिंतीला रंग मारल्यासारखा ब्रश ओढला की रेघा उठतात, मग ब्रश कितीही महागाचा असो. पसरवायला एक-दोन हलके फटकारे चालतात. त्यानंतर ब्रश टेकवायचा, दाबायचा, उचलायचा. ब्रश मुळाशी पकडला की हाताचं वजन केसांवर येतं आणि ते विस्कटून चेहऱ्यावर ओळी काढतात. पेनासारखा घट्ट धरू नका, दांड्याच्या मागच्या टोकाकडे सैल धरा. जोर आपोआप कमी होतो.

दिशेचा एक गोंधळ आम्हा पार्लरवाल्यांनीच करून ठेवलाय. फेशियलला "हात नेहमी खालून वर" असं आम्ही इतक्या वेळा सांगतो की बायका ब्रशही खालून वर फिरवतात. पण चेहऱ्यावरची बारीक लव खालच्या दिशेने वाढलेली असते. ब्रश वर ओढला की ती उभी राहते, तिच्यावर फाउंडेशन चढतं आणि उन्हात गाल केसाळ दिसतो. शेवटचा हात खाली आणि बाहेर, म्हणजे लव बसते.

ब्रश धुतलाय का?

"ताई, महिन्याला धुते." खरं तर कधीच नाही, हे ब्रश बघून मला कळतं.

केसांच्या पोटात जुनं फाउंडेशन सुकून बसलं की केस एकमेकांना चिकटतात. मऊ झुपक्याची मग कंगव्यासारखी दातेरी कड होते, आणि कंगवा फिरवल्यावर रेघा येणारच. शिवाय त्या थरात चेहऱ्याचं तेल आणि जंतू असतात. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर तोच ब्रश रोज फिरवणं म्हणजे कालचा रुमाल आज पुन्हा तोंडाला पुसणं. लिक्विड फाउंडेशनचा ब्रश आठवड्यातून एकदा तरी धुवा.

कोमट पाणी, थेंबभर साधा शाम्पू, तळहातावर गोल फिरवून पाणी स्वच्छ येईपर्यंत. केस जिथे धातूच्या नळीत बसवलेत त्या जागेच्या वर पाणी चढू देऊ नका. आत गोंद असतो, तो सुटला की केस गळायला लागतात आणि नेमके गालावर चिकटतात. धुऊन झालं की टॉवेलमध्ये दाबून आकार द्या आणि टेबलाच्या कडेवर आडवा ठेवा, केस बाहेर लोंबकळत. पेल्यात उभा ठेवलात तर पाणी खाली नळीत उतरतं.

एक गोष्ट मला घोडबंदर रोडच्या गिऱ्हाइकांमुळे कळली. दोघी-तिघी नियमित ब्रश धूत होत्या, तरी केस राठ आणि पांढुरके. त्यांच्या संकुलात टँकरचं किंवा बोअरचं पाणी यायचं. पाणी जड असलं की साबण त्यातल्या क्षारांशी मिळून चिकट साका तयार करतो, आणि तो केसांवर बसतो. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाला पांढरा थर धरत असेल, तर तुमचं पाणीही तसंच आहे. अशा पाण्यात अंगाचा साबण वापरूच नका, शाम्पू वापरा. शेवटचं खळबळणं पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्याने करा, पाव पेला पुरतो. एकीचा ब्रश एवढ्यावर पुन्हा नव्यासारखा मऊ झाला.

पावसाळ्यात ब्रश वाळायला दोन दिवसही लागतात. पंख्याखाली ठेवा. ओला ब्रश पाऊचमध्ये कोंबून ट्रान्स-हार्बरच्या लोकल गाडीत चढलात तर संध्याकाळपर्यंत त्याला कुबट वास येईल. वास मारणारा ब्रश धुऊन वाचवायचा नाही, टाकून द्यायचा. एवढ्यासाठी दोन ब्रश ठेवलेले बरे.

आता खर्च: ब्रशचा प्रकार

इथपर्यंत एक रुपयाही लागला नाही. तरी रेघा असतील, तर ब्रशचा आकार बघा. पानासारखा चपटा ब्रश सगळ्या सेटमध्ये येतो आणि नवशिकीच्या हातात सगळ्यात जास्त रेघा तोच काढतो. तो पसरवायला चांगला, बसवायला नाही. घरी रोजच्या वापराला गच्च केसांचा, वरून सपाट किंवा किंचित गोल कापलेला ब्रश घ्या. लिक्विडसाठी केस सिंथेटिक असू द्यात. नैसर्गिक केस पातळ फाउंडेशन पितात आणि नीट धुतलेही जात नाहीत, ते पावडरला ठीक.

स्टेशन रोड किंवा राम मारुती रोडच्या दुकानात घेताना केस गालावर दाबून बघा. टोचले तर नको. हलकेच ओढून बघा, दोन-चार केस हातात आले तर नको. ब्रँड मी सांगत नाही, या दोन परीक्षा पुरतात.

आणि नवा ब्रश घ्यायचाच नसेल तर एक पळवाट आहे, मी स्वतः कामात रोज वापरते. चपट्या ब्रशने पसरवा, मग ओला करून घट्ट पिळलेला स्पंज सगळीकडे दाबत जा. ब्रशच्या रेघा स्पंज पुसून टाकतो आणि जास्तीचं फाउंडेशन शोषूनही घेतो. स्पंज टपटपता नको, नाहीतर चकत्या पडतील.

तासाभराने फाटणाऱ्यांसाठीही हेच: पातळ थर, स्पंजने दाबलेला, आणि पावडर फक्त नाकावर, ओठांच्या वरच्या भागावर आणि कपाळाच्या मध्यावर. घाम आला की टिपा, पुसू नका.

शेवटी बाटली

बाटलीवर उघडलेल्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात १२ किंवा १८ असा आकडा. उघडल्यापासून तितके महिने. झाकणावर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा. हलवूनही तेल वेगळंच राहत असेल, कडवट वास येत असेल, दाणे लागत असतील, तर ती गेली. स्कूटरच्या डिकीत उन्हात राहिलेली बाटली मुदतीआधीच जाते. हलवल्यावर नीट मिसळत असेल तर ती चांगली आहे, उगाच दोष देऊ नका.

कुठे थांबायचं

पापुद्रे असतील तर ब्रशच्या कामाला इथेच विराम द्या. थ्रेडिंग, ब्लीच, वॅक्स किंवा पील नुकतंच झालं असेल तर दोन-तीन दिवस चेहरा मोकळा ठेवा, साधं मॉइश्चरायझर लावा. रेटिनॉल (व्हिटॅमिन ए असलेलं क्रीम) सुरू केलं असेल तरी साल निघते. स्क्रबने ती ओरबाडून काढलीत तर दुसऱ्या दिवशी दुप्पट येईल.

लग्न, साखरपुडा, फोटोशूट दोन दिवसांवर असेल आणि बेस अजून जमत नसेल, तर व्हिडिओ बघत प्रयोग करू नका, मेकअप करणाऱ्या माणसाला बोलवा. नवं फाउंडेशन लावायचंच असेल तर कानामागे किंवा जबड्याखाली दोन दिवस आधी लावून बघा.

खालचं काही दिसलं तर मात्र माझ्याकडेही येऊ नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. लावल्यावर आग होणं, सूज, पुरळ, डोळे लाल होणं: लगेच धुवा, आणि ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वासाला त्रास झाला तर दवाखाना गाठा. नाकाच्या बाजूची, भुवयांमधली पिवळट साल दोन-तीन आठवडे मॉइश्चरायझर लावूनही जात नसेल, तर ती नुसती कोरडी त्वचा नसते. गोल खाजरे चट्टे, पांढरे पडलेले डाग, गालांवर पसरत चाललेले काळे वांग, यांवर फाउंडेशनचा थर वाढवत नेणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं.

एक प्रकार मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी चिडते. गोरं करणारं किंवा डाग घालवणारं म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं मलम, कधी शेजारच्या वहिनींनी सुचवलेलं. त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा चकाकतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, बारीक शिरा दिसतात, लव वाढते, आणि मलम बंद केलं की आग आग होते. अशा त्वचेवर जगातलं कुठलंही फाउंडेशन बसत नाही. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका आणि एकदम बंदही करू नका, ते डॉक्टर ठरवतील. जाताना घरात असलेली प्रत्येक ट्यूब खोक्यासकट पिशवीत घाला, वहिनींनी दिलेलीसुद्धा.